पहिल्या शौचाची धास्ती : मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्याचा इतिहास

मूळव्याधीची शस्त्रक्रिया साधारणतः तासाभराच्या आत आटोपते. पाठीच्या कण्यात दिलेल्या इंजेक्शनमुळे कमरेखालचे अंग बधिर असते. सुरी केव्हा चालली आणि केव्हा थांबली, हे रुग्णाला कळतही नाही. त्याची परीक्षा दोन-तीन दिवसांनी होते, शौचाला बसण्याच्या वेळी. जखम ओली असते आणि मार्ग तोच असतो. त्या धास्तीने रुग्ण जेवण तोडतो, पाणी कमी पितो, कळ आली तरी आवरून धरतो. आवरलेला मल आतड्यात आणखी सुकतो, त्याचा खडा होतो आणि टाळलेली वेदना वाढून परत येते.

हे दुष्टचक्र मोडायचे कसे, या प्रश्नाला भारतीय आणि युरोपीय शस्त्रवैद्यांनी दीर्घकाळ परस्परविरुद्ध उत्तरे दिली. करमाळ्यासारख्या कोरड्या तालुक्यात मात्र दोन्ही उत्तरांची गाठ एका साध्या अडचणीशी पडली : रुग्णाने बसायचे कोठे? विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, म्हणून हा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. व्याधी मात्र जुनी आणि सर्वपरिचित. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधात देहाला होणाऱ्या आध्यात्मिक तापांची लांबलचक यादी दिली, तीत खरूज, नारू, देवी, गोवर यांच्याबरोबर मूळव्याधही आहे, आणि तिला असाध्य म्हटले आहे.

असाध्य म्हणण्यास कारण होते. उपाय नव्हता असे नाही. उपाय भयंकर होता.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजच्या रूपाला आलेल्या सुश्रुतसंहितेत अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, चिकित्सेला एक संपूर्ण अध्याय दिलेला आहे. उपाय चार : औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. नवा आणि सौम्य विकार औषधाने बरा करावा. मऊ, पसरट, खोलवरचा कोंब वनस्पतींच्या राखेपासून काढलेल्या दाहक क्षाराने जाळावा. खरखरीत, जाड, कठीण कोंब तापल्या सळईने डागावा. बारीक देठाचा, वर आलेला कोंब शस्त्राने कापावा. पुढचे वर्णन इतके तपशीलवार आहे की लिहिणाऱ्याने हे काम स्वतः केले असावे, किंवा निदान जवळून पाहिले असावे. दिवस निरभ्र असावा, फार उष्ण नसावा, फार थंड नसावा. रुग्णाला फळीवर किंवा शय्येवर उताणे निजवावे, डोके आणि छाती दुसऱ्या माणसाच्या मांडीवर, कंबर किंचित उंच, आणि गुदद्वार सूर्याकडे. कारण शस्त्रगृहातला दिवा म्हणजे सूर्यच. मग कापडी पट्ट्यांनी बांधावे, आणि सेवकांनी धरून ठेवावे.

या वर्णनातले दोन तपशील आपल्या विषयाला थेट भिडतात. पहिला शस्त्रक्रियेपूर्वीच्या जेवणाचा. रुग्णाला उपाशी ठेवायचे नाही. स्निग्ध, उष्ण, थोडे आणि बहुतांशी पातळ असे अन्न त्याला द्यायचे, आणि कारणही नोंदवलेले आहे : वातामुळे होणारी वेदना वाढू नये म्हणून. दुसरा तपशील नंतरचा. क्षार लावल्यावर शंभर मात्रा मोजेपर्यंत थांबायचे, मग कांजीसारख्या आंबट द्रवाने जागा धुवायची, ज्येष्ठमध घातलेल्या तुपाने दाह शमवायचा आणि रुग्णाला उठवून ऊन पाण्यात बसवायचे. वरून गार पाणी शिंपडावे; काहींच्या मते तेही ऊनच असावे. मतभेदाची ही नोंद फार बोलकी आहे. पाण्यात बसवावे याबद्दल वैद्यांत वाद नव्हता. वाद शिंपडण्याच्या पाण्याबद्दल होता. आजच्या रुग्णालयातून घरी जाताना दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसण्याची जी सूचना मिळते, तिचा हा जुना भाऊबंद.

अनेक कोंब असतील तर सगळे एकाच दिवशी जाळायचे नाहीत. आधी उजवीकडचा, मग डावीकडचा, मग मागचा, शेवटी पुढचा, आणि प्रत्येकात सात रात्रींचे अंतर. म्हणजे रुग्णाची ही परीक्षा महिनाभर चालणार. त्या महिन्यात कोठा कसा राहतो, यावर सारे अवलंबून होते. म्हणून उपचार नीट साधल्याची जी लक्षणे सुश्रुतसंहिता देते, त्यांत जखम भरल्याचा उल्लेख आधी येत नाही. आधी येते ते वातानुलोमन, म्हणजे वायू आणि मल सरळ खालच्या वाटेने, अडथळ्यावाचून जाणे. मग अन्नावर रुची, अग्नी प्रदीप्त होणे, अंग हलके वाटणे आणि मनाचा संतोष. संतोष हे लक्षण वाचून हसू येण्याचा संभव आहे, पण ज्यांनी ही शस्त्रक्रिया सोसली आहे ते हसणार नाहीत.

पथ्यात साळी, साठी, जव, गहू. सोबत तूप आणि दूध. भाज्यांमध्ये चाकवत, तांदुळजा, मायाळू, कोवळा मुळा, पालक. ही यादी आज करमाळ्याच्या भाजीबाजारातही कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. आणि वर्ज्य काय? मलमूत्राचा वेग रोखून धरणे, स्त्रीसंग, जनावराच्या पाठीवर बसून प्रवास, आणि उकिडवे बसणे. यातला पहिला आणि शेवटचा निषेध लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे करमाळ्यात पोहोचल्यावर त्यांची गरज लागेल.

चरकसंहितेचा सूर वेगळा. चरक शस्त्र, क्षार आणि अग्नी या उपायांना नाकारत नाही. जाणत्या लोकांनी हे केले आहे, असे तो मानतो. पण चूक झाली तर काय होते, याची त्याने दिलेली यादी अंगावर येते : पुंस्त्वाचा नाश, सूज, वेग अडणे, पोट फुगणे, दारुण शूळ, अतिरक्तस्राव, कोंब पुन्हा उगवणे, गुदभ्रंश, मृत्यू. वेग अडणे या यादीत मृत्यूच्या पंक्तीला बसलेले आहे. म्हणून चरक औषधाकडे वळतो, आणि औषधांत त्याचा सर्वांत मोठा भरवसा ताकावर. सात दिवस, दहा दिवस, पंधरवडा किंवा महिनाभर ताक द्यावे. जमिनीवर ओतलेले ताक जिथे गवतसुद्धा जाळते, तिथे कोंबांची काय कथा, असा त्याचा युक्तिवाद. उपमा म्हणून ती सुंदर आहे, पुरावा म्हणून लंगडी. तरीही जेवणानंतर ताक प्यायची सवय असलेल्या मुलखात हे पथ्य रुजायला वैद्याची गरज पडली नसेल.

ही परंपरा मराठी प्रदेशात केवळ पोथीत राहिली नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात क्षार आणि अग्निकर्म यांवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि गुदाच्या ठिकाणी क्षाराचा अतिरेक झाला तर मलमूत्र कोंडते किंवा आवरेनासे होते, असा स्पष्ट इशारा त्यात आहे. याच ग्रंथावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. देवळांच्या बांधणीमुळे घरोघरी ठाऊक झालेला हेमाडपंत तो हाच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनी ‘सार्थ वाग्भट’ मराठीत आणले, पुढे शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ घरगुती वैद्यकाचा ग्रंथ म्हणून फिरला, आणि संस्कृत न येणाऱ्या वाचकालाही ही पथ्ये अक्षरात मिळाली. पाळली जात होती ती त्याआधीपासूनच : सुरणाची भाजी (सुरणाचे एक संस्कृत नावच अर्शोघ्न), रात्री हिरडा, सुंठीच्या काढ्यात एरंडेल, दुधात इसबगोल. इसबगोल हा शब्द फारसी. घोड्याचा कान असा त्याचा अर्थ, बीच्या आकारावरून. तो हकिमांबरोबर आला आणि वैद्यांच्या बटव्यात राहिला.

आता युरोप. एकोणिसाव्या शतकात लंडनला मूळव्याध आणि भगंदर यांसाठी स्वतंत्र रुग्णालय होते; फ्रेडरिक सॅल्मन या शस्त्रवैद्याने १८३५ मध्ये ते काढले, आणि पुढे ते सेंट मार्क्स या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच्या भगंदरावर १८४१ मध्ये सॅल्मननेच शस्त्रक्रिया केली. ईथरची भूल तेव्हा यायची होती.

त्या काळच्या युरोपीय शस्त्रवैद्यांचा प्रघात असा की शस्त्रक्रियेनंतर काही दिवस कोठा बांधून टाकायचा. साधन अफू. अफूने वेदना शमते आणि आतड्यांची हालचालही मंदावते. एका औषधात दोन कामे. जखमेला विश्रांती हवी आणि मलाचा स्पर्श नको, हा त्यामागचा तर्क, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. मोडलेल्या हाताला आपण फळी बांधतो, तसेच हे. पण हात हलवल्यावाचून माणूस महिना काढू शकतो. आतड्याला ती सोय नाही. चार-सहा दिवसांनी एरंडेल किंवा बस्ती देऊन तो कोठा उघडला जाई, तेव्हा इतक्या दिवसांचा सुकलेला मल त्याच जखमेवरून बाहेर पडे. सुश्रुताने वाट मोकळी ठेवण्यावर भर दिला, या लोकांनी वाट बंद केली.

हे वैद्यक मुंबईला आले ते १८४५ मध्ये, ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाच्या रूपाने. ज्या जमशेटजींच्या देणगीतून हे रुग्णालय उभे राहिले, त्यांच्या संपत्तीचा मोठा वाटा चीनशी चाललेल्या माळव्याच्या अफूच्या व्यापारातला होता.

करमाळ्याच्या माणसासाठी मुंबई तोपर्यंत दूर होती. १८६० मध्ये लोहमार्ग पुण्याहून सोलापूरला पोहोचला आणि तालुक्यात जेऊरला स्थानक झाले. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला मिशनचे रुग्णालय सुरू केले, आणि शस्त्रक्रियांसाठी ते दक्षिण महाराष्ट्रात नावाजले. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. जेऊरहून कुर्डुवाडी, आणि तिथून मिरज असा प्रवास तेव्हापासून शक्य झाला. मूळव्याधीची ताजी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने त्या हेलकावत्या गाडीच्या लाकडी बाकावरून परत यायचे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. सुश्रुताने जनावराच्या पाठीवरचा प्रवास वर्ज्य केला होता. अरुंद मापाची आगगाडी त्याला माहीत नव्हती.

शस्त्रक्रियेला आज रूढ असलेले रूप १९३७ मध्ये मिळाले. सेंट मार्क्सच्याच मिलिगन आणि मॉर्गन या शस्त्रवैद्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गुदमार्गाच्या शरीररचनेवर आणि मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेवर ‘लॅन्सेट’मध्ये निबंध लिहिला. तीन कोंब कापायचे, तीन जखमा उघड्याच ठेवायच्या, आणि मधे मधे धड त्वचेच्या पट्ट्या सोडायच्या, म्हणजे मार्ग आक्रसत नाही. जखमा भरायला महिना-दीड महिना. भूल आली, जंतुनाशके आली, रक्तस्राव आटोक्यात आला. पहिल्या शौचाची धास्ती मात्र आहे तिथेच राहिली, आणि कोठा बांधायचा की मोकळा ठेवायचा, हा जुना वादही.

तो निकालात निघाला हळूहळू, आणि भाकरीच्या वाटेने. युगांडात काम केलेले आयरिश शस्त्रवैद्य डेनिस बर्किट यांनी १९७२ मध्ये सहकाऱ्यांबरोबर वेगवेगळ्या समाजांतील माणसांच्या मलाचे वजन आणि अन्न पोटातून जाण्यास लागणारा वेळ यांची तुलना प्रसिद्ध केली. कोंडा न काढलेले धान्य खाणाऱ्या आफ्रिकी खेडुतांचा मल जड आणि मऊ, इंग्रजांचा थोडा आणि कठीण. मूळव्याधीसह अनेक विकारांचे मूळ बर्किट यांनी चोथा हरवलेल्या अन्नात पाहिले. सिद्धांत आकर्षक आहे, पण सोलापूर जिल्ह्यातून पाहिला तर अपुरा वाटतो. मालदांडी ज्वारीचा हा मुलूख. शतकानुशतके इथे भाकरीच खाल्ली गेली, आणि तरी ही व्याधी इथे अनोळखी कधीच नव्हती. चोथ्याला पाणी लागते. उन्हाळ्यात दिवसभर शेतात किंवा दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्याच्या पोटात भाकरी असली तरी पाणी किती असे, हा प्रश्न या सिद्धांतात येत नाही.

तरीही शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्याची दिशा बदलली. १९८७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने एक छोटा प्रयोग छापला : शस्त्रक्रियेपूर्वी चार दिवस लॅक्टुलोज हे सौम्य रेचक दिलेल्या रुग्णांना नंतरच्या वेदना कमी झाल्या. आधीपासून मल मऊ ठेवा, नंतरही ठेवा, वेग आला की उठा, कुंथू नका, कोमट पाण्यात बसा. अफूची बंदी उठली असे मात्र नाही. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके अफूच्याच गोत्रातली असून तीही कोठा बांधतात. म्हणून जाणता डॉक्टर तशी गोळी लिहिताना खाली रेचकही लिहितो.

याच काळात जुनी वाटही नव्याने उघडली, आणि ती एका मराठी माणसाच्या हातून. बनारस हिंदू विश्वविद्यालयात शल्यतंत्राचे अध्यापक असलेले प्रा. प्रभाकर जनार्दन देशपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात क्षारसूत्र पुन्हा वापरात आणले. अकराव्या शतकातील चक्रदत्ताने निवडुंगाच्या चिकात आणि हळदीत पुन्हा पुन्हा भिजवलेल्या दोऱ्याने अर्श आणि भगंदर बांधण्याची कृती दिली होती. बनारसच्या वैद्यांनी तिचे प्रमाण ठरवले : धाग्यावर एकवीस पुटे, त्यांत अकरा निवडुंगाच्या चिकाची, सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराची, तीन चीक आणि हळदीची. करमाळ्याच्या बांधाबांधावर फुकट उगवणाऱ्या दोन वनस्पती आणि स्वयंपाकघरातली हळद, एवढाच माल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भगंदरावर याची अनेक रुग्णालयांत चाचणी घेतली. १९९१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेपेक्षा बरे होण्यास वेळ अधिक लागला, पण विकार उलटण्याचे प्रमाण कमी होते. मूळव्याधीत या दोऱ्याने कोंबाचा देठ बांधतात आणि तो काही दिवसांत गळून पडतो. त्या दिवसांतही ताक, तूप, रेचक आणि ऊन पाणी चुकत नाही. गावोगावच्या भिंतींवर विनाशस्त्रक्रिया हमखास इलाजाची जाहिरात करणाऱ्या भोंदूंनी क्षारसूत्राचे नावही उचलले, हा त्याचा दुर्दैवी उत्तरभाग.

एवढे सगळे ज्ञान जमा झाले तरी ते अमलात आणण्यासाठी रुग्णाला तीन गोष्टी लागतात : पाणी, आडोसा आणि बसण्याची जागा. करमाळा तालुका पर्जन्यछायेत. गावातल्या कमलादेवीच्या मंदिराजवळची विहीर शहाण्णव पायऱ्यांची, म्हणजे पाणी किती खोल मानले जाई ते पायऱ्या मोजून कळावे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेकाठची तालुक्याची कड जलाशयाला लागली. तिथे ऊस आला, उरलेल्या भागात टँकरची वाट पाहणे सुरूच राहिले. ज्या घरात पिण्याचे पाणी डोक्यावरून येते, तिथे दिवसातून तीनदा टबात बसायचे पाणी कोण देणार? आणि ते आणणारी घरातली बाईच रुग्ण असेल तर?

जागेचा प्रश्न त्याहून बिकट. मोठ्या वाड्यांत टोपलीचे संडास असत, आणि आजाऱ्याचे भांडे उचलण्याचे काम जातीने लादलेले. ज्याच्या पथ्यासाठी दुसऱ्याने मैला वाहायचा, त्या पथ्याचा इतिहास लिहिताना त्या दुसऱ्याचे नाव कोणत्याही वैद्यकग्रंथात सापडत नाही. बाकीचे गाव परसाकडे जाई, हातात टमरेल घेऊन. पुरुषाला दिवसाही जाता येई. बाईला पहाटेचा अंधार किंवा दिवेलागणीनंतरची वेळ. मधल्या बारा-तेरा तासांत कळ आली तर दाबून धरायची, आणि ती येऊ नये म्हणून खाणे-पिणे कमी ठेवायचे. सुश्रुताने जी गोष्ट पहिल्या क्रमांकाने वर्ज्य केली, तो वेगावरोध, ती तिची दिनचर्या होती. शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या बाईला डॉक्टरने ‘आली की लगेच जा’ असे सांगणे म्हणजे तिच्या हातात नसलेल्या गोष्टीची आज्ञा करणे होते. शिवाय तिथे बसायचे ते उकिडवेच, ताज्या जखमेसह, सापकिरडाचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे भान ठेवून, घाईघाईने कुंथत.

२०००-०१ मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान आले, आणि एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. जाहीर होणे आणि प्रत्येक संडासात उन्हाळ्यात पाणी असणे यांत अंतर आहे, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. पण दाराला कडी असलेली चार बाय चारची खोली घरालगत आली, आणि शस्त्रक्रिया झालेल्या बाईला दुपारी दोन वाजता उठून जाता येऊ लागले. औषधांच्या दुकानांत प्लॅस्टिकची, मध्ये भोक असलेली खुर्ची मिळू लागली. भारतीय बैठकीच्या भांड्यावर ती ठेवली की उकिडवे बसावे लागत नाही. घरात एकाची शस्त्रक्रिया झाली की ती खुर्ची येते, महिना-दीड महिना वापरात राहते, मग धुऊन, पुसून शेजारच्या घरी जाते.